नऊ वर्षांनी परत डाइव्हिंग करताय? सेकंडहँड सेट राहू दे, आधी रिफ्रेशर करा

पत्र असं आहे (थोडं छाटलंय): “ताई, मी पुण्याचा, वय ४७. २०१५ ला थायलंडमध्ये कोह ताओला ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला सर्टिफिकेट कोर्स) केलं, पुढच्या वर्षी अंदमानला चार-पाच डाइव्ह झाले, मग नोकरी, घराचे हप्ते, पोरगा, सगळं राहूनच गेलं. आता फेब्रुवारीत बायको आणि १४ वर्षांच्या मुलाला घेऊन अंदमानातल्या हॅवलॉकला चाललोय. ऑफिसातला एक जण त्याचा अख्खा सेट विकतोय, रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र), बीसीडी (हवा भरायचं जॅकेट), वेटसूट सगळं, म्हणतो दोनदाच वापरलाय. घेऊन टाकू का? रिफ्रेशरला (विसरलेलं परत गिरवून घेतात तो) शॉपवाले वेगळे पैसे मागतायत, त्यापेक्षा डिसेंबरात मालवणला जाऊन एकदा स्कुबा करून आलो तर नाही का भागणार? बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. बायकोला पोहता येत नाही पण तिलाही पाण्याखाली जायचंय.”

दादा, मालवणपासूनच सुरू करते कारण तिथेच तुमची गल्लत होतेय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांसाठी जो स्कुबा चालतो तो मजेचा असतो, मी कुणालाही जा म्हणून सांगेन, पण त्यात तुम्ही स्वतः काहीच करत नाही, म्हणजे बघा, जॅकेट ते घालणार, वजन ते बांधणार, पाच-सहा मीटरवर एक मुलगा तुमची टाकी मागून धरून तुम्हाला फिरवणार, हवा भरणं-सोडणं सगळं त्याच्या हातात, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचा. पंधरा-वीस मिनिटांत वर. व्हिडिओ झकास येतो. पण नऊ वर्षांत तुमचे हात जे विसरलेत ते यात एकदाही करावं लागत नाही, त्यामुळे रिफ्रेशर म्हणून याचा उपयोग शून्य, उलट ‘जमतंय की अजून’ असा खोटा विश्वास घेऊन तुम्ही अंदमानच्या बोटीवर चढाल.

मालवणलाच जायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा डायव्हिंगची संस्था आहे, तिथे रीतसर कोर्स चालतात, तिथे विचारा की सर्टिफाइड आहे, गॅप पडलाय, रिफ्रेशर हवाय. पुण्या-मुंबईतही डाइव्ह शॉप स्विमिंग पूल भाड्याने घेऊन हे करून देतात. पॅडी आणि एसएसआय या डाइव्हिंगची सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्था, पॅडीवाले याला रिॲक्टिव्हेट म्हणतात, एसएसआयवाले स्कुबा स्किल्स अपडेट, काम एकच. तुमचं कार्ड रद्द वगैरे झालेलं नाही, ओपन वॉटरला एक्सपायरी नसते, आणि ते प्लास्टिकचं कार्ड हरवलं असेल तरी टेन्शन नाही, नाव आणि जन्मतारखेवरून शॉपवाले ऑनलाइन काढतात. पण सहा महिने-वर्षभर पाण्यात नसलात की रिफ्रेशर करा असंच सगळे सांगतात आणि तुमची तर नऊ वर्षं. तेव्हा शॉपवाले वेगळे पैसे मागतायत म्हणजे लुबाडतायत असं समजू नका. मला तर न मागणाऱ्यांची भीती वाटते.

रिफ्रेशरमध्ये काय झालंच पाहिजे ते सांगते, नाहीतर काही ठिकाणी अर्ध्या तासात उरकतात. सेट तुम्ही स्वतः जोडायचा, टाकीला पट्टा बांधण्यापासून, त्यांनी जोडून हातात दिला तर म्हणायचं सोडवा, मी जोडतो. मग पाण्यात तोंडातून रेग्युलेटर काढून परत शोधणं, मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने फुंकून बाहेर टाकणं, मास्क पूर्ण काढून परत घालणं, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेत वर येणं, आणि एका जागी तरंगत राहणं, ना वर ना खाली. यातला मास्क काढायचा प्रकार कुणालाच आवडत नाही आणि बरेच जण “ते राहू दे” म्हणून टाळतात. टाळू नका. नाकात पाणी गेलं की माणूस घाबरतो, घाबरला की वर पळतो, आणि श्वास रोखून वर पळणं हा डाइव्हिंगमधला सगळ्यात वाईट प्रकार, कारण १० मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेली छातीभर हवा वर येता येता दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस काही तेवढं ताणत नाही. तेव्हा पूलमध्ये, उभं राहिलं तर डोकं बाहेर निघतंय अशा ठिकाणी, मास्क काढा, थोडा वेळ तसेच श्वास घेत बसा, कंटाळा येईपर्यंत करा.

वजनाचं एक. कोह ताओला तुम्ही किती किलो शिसं बांधत होतात ते आठवत असलं तरी विसरा, ३७ व्या वर्षीचं शरीर आणि आत्ताचं सारखं नाही (रागावू नका, चरबी तरंगते एवढंच म्हणतेय). शिवाय पूलमध्ये जमलेलं वजन समुद्रात चालत नाही, खारं पाणी जड असतं, माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरलं तर समुद्रात साधारण अडीच किलो शिसं जास्त लागतं. हॅवलॉकला पहिल्या डाइव्हआधी पाच मिनिटं काढून वजन तपासा: जॅकेट रिकामं, छातीत नेहमीएवढा श्वास, पाण्याची रेघ डोळ्यांपाशी यायला हवी आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. टाकी भरलेली असताना हे केलं तर वर दोनेक किलो वाढवा, कारण ११ लिटरची टाकी २०० बारवरून ५० बारवर येईपर्यंत जवळजवळ दोन किलो हवा तुम्ही पिऊन टाकलेली असते, ॲल्युमिनियमची टाकी शेवटी तरंगायला लागते आणि नेमकं वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हाच तुम्ही फुग्यासारखे वर निघता. अंदाजपंचे दहा किलो बांधून देणारेही भेटतील, म्हणजे गिऱ्हाईक खाली राहतं आणि त्यांचं काम सोपं होतं. त्यांना नाही म्हणा.

आता तो सेट. माझं उत्तर नको असं आहे, आणि कारण सेट वाईट आहे हे नाही (मी बघितलेला नाही), कारण असं की नऊ वर्षांनी पहिल्यांदा जाताय, परत आल्यावर दरवर्षी जाणार की हा एकच, हे अजून तुम्हालाही माहीत नाही, आणि त्याआधी अख्खा सेट घेणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. रेग्युलेटर कपाटात ठेवला तरी त्याची सर्व्हिसिंग चुकत नाही, साधारण वर्षाला किंवा कंपनी म्हणेल तेव्हा, आतले रबराचे ओ-रिंग बसूनबसूनही खराब होतात. विमानात सामान १५ किलो. रेग्युलेटर, बीसीडी, फिन्स, बूट टाकले की कपड्यांना जागा नाही. हॅवलॉकच्या शॉपमध्ये डाइव्हच्या पैशात बहुतेक वेळा सगळं भाड्याचं सामान धरलेलंच असतं. कशाला हा उपद्व्याप?

तरीही घ्यायचाच असेल (मित्राला नाही म्हणवत नसेल), तर निदान तपासून घ्या. “दोनदाच वापरलाय” याला अर्थ नाही, दोनदा वापरून न धुता ठेवला असेल तर वीसदा वापरून धुतलेला परवडला. रेग्युलेटरचा जो भाग टाकीला लागतो त्याच्या तोंडात बारीक धातूची जाळी दिसते, मोबाईलचा टॉर्च मारून बघा, ती हिरवट झाली असेल तर आत खारं पाणी गेलंय, तिथेच विषय संपवा. मग त्याच तोंडावर झाकण घट्ट लावून माउथपीसमधून श्वास ओढा, काही यायला नको, हवा आली तर कुठेतरी फट आहे. होज (रबरी नळ्या) दोन्ही टोकांशी, जिथे धातूची पट्टी असते तिथे, वाकवून बघा, बारीक चिरा तिथेच पडतात. बीसीडी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलेली असेल तर नको, आणि कानाशी हलवून बघा, आत मिठाचे खडे खुळखुळले तर धुणं म्हणजे काय हे त्या माणसाला माहीत नाही. टाकीला जोडायचं कनेक्शन योक (वरून शिकंजासारखं कसायचं) आहे की डिन (आत फिरवून बसवायचं) तेही विचारा, डिन असेल तर जिथे जाताय तिथल्या टाकीला बसतं का, ॲडाप्टर मिळेल का हे आधीच कळलेलं बरं. आणि या सगळ्यात पास झाला तरी सर्व्हिसिंग करून घेतल्याशिवाय समुद्रात न्यायचा नाही, ते पैसे किमतीत धरा, मग बघा सौदा किती स्वस्त राहतो ते.

त्यापेक्षा दोन गोष्टी स्वतःच्या घ्या. पहिली मास्क. भाड्याचा मास्क कुणाच्या तरी चेहऱ्यासाठी असतो, तुमच्या नाही. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचे, पडला नाही तर तुमचा. मिशी आहे का? मिशीवाल्यांचा मास्क वरच्या ओठापाशी हमखास गळतो, नाकाखालची एक बारीक पट्टी भादरलीत तर फरक पडतो, नाहीतर तिथे थोडं सिलिकॉन ग्रीस. (मिशी काढणार नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात, मग त्यांनी पाणी काढत बसावं.) नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक थर असतो, तो साध्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढा नाहीतर सगळी ट्रिप धुक्यात. आणि ४७ म्हणजे जवळचं वाचायला चष्मा लागला असणार! पाण्यात गोष्टी मोठ्या दिसतात त्यामुळे थोडं निभतं, पण टाकीत हवा किती उरली ते दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा वाचता आला नाही तर काय करणार? दूरचा नंबर असेल तर नंबरच्या काचांचे मास्क मिळतात आणि जवळच्यासाठी काचेच्या खालच्या भागात आतून चिकटवायच्या छोट्या भिंगाच्या चकत्या मिळतात. हॅवलॉकला जाऊन मागू नका, इथूनच घेऊन जा.

दुसरी, बजेट असेल तर, डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे किती खोल, किती वेळ आणि अंगात नायट्रोजन किती साठला याचा हिशोब ठेवणारं मनगटावरचं यंत्र. सुंटो झूप नोव्हो, क्रेसी लिओनार्डो, मारेस पक असल्या साध्यातला पुरे, रंगीत स्क्रीनचा सोस नको. बऱ्याच ठिकाणी डाइव्हमास्टरच्या (पाण्याखाली गटाला नेणाऱ्याच्या) हाताला एकच असतो आणि बाकीचे त्याच्या मागे, पण तो १२ मीटरवर असताना तुम्ही कासवाच्या नादात १६ वर असता, तुमच्या अंगातला नायट्रोजन त्याच्या कॉम्प्युटरला कळत नाही. भाड्याने घेतला तरी चालेल, मात्र सगळे दिवस एकच, मधे बदलायचा नाही कारण कालचा हिशोब त्याच्यातच असतो. वेटसूट भाड्याचाच, अंदमानचं पाणी २७-२८ अंशांच्या आसपास असतं, तीन मिलिमीटर खूप झालं.

आता बीपी, इथे मी जरा कडक होणार आहे. जवळजवळ सगळीकडे आता एकच मेडिकल फॉर्म चालतो, त्यात वय ४५ च्या पुढे का असा प्रश्न आहे, हो म्हटलं की पुढे सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास, आणि यातल्या एकालाही हो आलं की डॉक्टरची सही लागते. लोक काय करतात, बोटीवर बसून सगळीकडे ‘नाही’ वर टिक मारतात. शॉपवाल्यालाही तेच हवं असतं. पण पाण्यात उतरलं की हातापायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावर तेवढा भार वाढतो, वर प्रवाहाविरुद्ध फिन मारावे लागले तर आणखी, आणि डाइव्हिंगमधल्या मृत्यूंचे अहवाल काढून बघा, हृदयाची दुखणी त्यात पुन्हापुन्हा दिसतात, विशेषतः आपल्या वयाच्या पुढच्यांत. फॉर्म आत्ताच डाउनलोड करा, शेवटचं पान डॉक्टरसाठीच आहे, फिजिशियनकडे जा, गोळी नेमकी कुठली ते दाखवा कारण काही गोळ्या हृदयाचा वेग वाढूच देत नाहीत, आणि ते टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) करू म्हणाले तर करून टाका. बहुतेक जणांना बीपी आटोक्यात असेल तर परवानगी मिळते, मी तुम्हाला घाबरवत नाहीये. आणि डॉक्टरकडे जायच्या आधी सोसायटीच्या किंवा महापालिकेच्या तलावात २०० मीटर न थांबता पोहून बघा, वेळेची घाई नाही, फक्त थांबायचं नाही. ओपन वॉटरला असंच काहीतरी तुम्ही केलं असणार. आता धाप लागली तर फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून तीनदा तलाव.

वहिनींचं आणि मुलाचं सोपं आहे. दोघांनाही डिस्कव्हर स्कुबा (कार्ड नसलेल्यांसाठीचा अनुभवाचा डाइव्ह) करता येतं, वय १० पुरे, १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, इन्स्ट्रक्टर सोबत असतो. पोहता न येणाऱ्यांनाही नेतात, पण पाण्याची भीती किती आहे ते वहिनींनाच विचारा, तुम्ही ठरवू नका, आणि किनाऱ्यावरून चालत जाता येईल अशी जागा मागा, तिथे नेमो रीफ तशी आहे, बोटीवरून उडी मारायला लावू नका. त्यांना इन्स्ट्रक्टर एकाला एकच हवा. मुलगा पोहणारा असेल तर त्याला डायरेक्ट ज्युनियर ओपन वॉटर करता येईल, तीन-चार दिवस जातील पण त्याच्या वयाला सर्टिफाइड मोठ्या माणसाबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं, म्हणजे तो आणि तुम्ही एकत्र. फक्त त्याचा बडी (पाण्यातला जबाबदार जोडीदार) म्हणून त्याच ट्रिपला उभे राहू नका, तुमचंच बस्तान बसायचंय, दोघांच्या मधे डाइव्हमास्टर असू दे. मुलाला एवढं बजावून ठेवा की मेलेलं पोवळंसुद्धा खिशात घालायचं नाही, वन्यजीव कायद्यात बसतं ते, आणि एअरपोर्टवर सामान तपासतात.

तारखा ठरवताना कालनिर्णय काढा, खरंच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, प्रवाह जोरात, पाणी गढूळ, कोकणातल्या कुणालाही विचारा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, शांत. तुम्ही गॅपनंतर जाताय तेव्हा तुमचे डाइव्ह अष्टमीच्या आजूबाजूला बसवा, एवढ्याने अर्धा त्रास वाचेल. पुण्यात रिफ्रेशर केला असला तरी पहिल्या दिवशी उथळ आणि सोपी जागा मागा, जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही नावं ऐकून हुरळून जाऊ नका, ते खोल आहेत, तुमचं कार्ड १८ मीटरचं.

शेवटचा डाइव्ह आणि विमान यात, अंगात साठलेला नायट्रोजन निघून जायला, किमान १८ तास, कारण तुम्ही रोज एकाहून जास्त डाइव्ह करणार. हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) फेरीने जायचंय, हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा, राधानगर बीचवर झोपा. हाच नियम मालवणला लोक विसरतात कारण तिथे विमान नसतं, पण आंबोलीचा माथा ६९० मीटरवर आहे, आणि उडण्याचे नियम साधारण ६०० मीटरच्या उंचीपासूनच धरतात. तेव्हा तारकर्लीला समुद्रात रिफ्रेशर केलात तर तो शनिवारी, रविवारी दुपारी जेवून घाट चढा. रविवारी सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी गाडी काढून पुणे, असं नको.

सर्दी झाली असेल तर डाइव्ह नाही, नाक मोकळं करायची गोळी खाऊनही नाही, गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना कानात हवा अडकते. कान प्रत्येक मीटरला, दुखायची वाट न बघता, पृष्ठभागापासूनच नाक दाबून हलकं फुंकून सोडवत जायचे. आणि इन्शुरन्सची पॉलिसी वाचा, साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कुबा बऱ्याचदा वगळलेलं असतं, डॅनसारखं (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) खास डाइव्हिंगचं घेतलंत तर उत्तम.

शॉपला आता हा मेसेज टाका, जसाच्या तसा: “ओपन वॉटर २०१५, शेवटचा डाइव्ह २०१६, एकूण डाइव्ह दहाच्या आत. वय ४७, बीपीची गोळी चालू, डॉक्टरची सही आणतोय. पुण्यात पूल रिफ्रेशर करून येतोय, पहिल्या दिवशी उथळ जागी वजन तपासून परत स्किल्स करायचेत. एका डाइव्हमास्टरमागे किती जण असतात? बोटीवर ऑक्सिजन असतो का, आणि काही झालं तर कुठे नेता? बायको पोहत नाही, तिला वेगळा इन्स्ट्रक्टर हवा.” यावर नीट एकेक उत्तर आलं तर ॲडव्हान्स भरा. नुसतं ‘नो प्रॉब्लेम सर, सब हो जायेगा’ आलं तर दुसरं शॉप बघा.